चादरीचं दुसरं टोक

तीर्थरूप जाऊबाईंना धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (म्हणजे पत्रात वाकून. एरवी कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या बहिणीचा खोकला गेला का? तिच्याकडे झोपायला नीट जागा आहे ना, का तुम्ही आपल्या गप्प राहून जमिनीवरच पडता? तुमचं काही सांगता येत नाही. ह्यांनी तुम्हाला दोन पत्रं घातली, एकाचं उत्तर नाही. परवा फोन केला तर तुमची बहीण म्हणाली, "ताई मान हलवतेय." अहो, फोनवर मान हलवली तर ती आम्हाला दिसणार कशी? आणि हलवली ती आडवी का उभी, हेही तिनं सांगितलं नाही. असो. इकडे आम्ही सगळे उत्तम आहोत. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. एका कॅसेटवरून कोणी घर सोडतं का, हे मी सात आठवडे विचारते आहे. भावोजी गेले तेव्हा तुम्ही घर सोडलं नाहीत. छप्पर गळलं तेव्हा सोडलं नाहीत. माझ्यासारखी जाऊ शेजारच्या खोलीत राहते तरी सोडलं नाहीत. आणि एक कॅसेट उकळली म्हणून पेटी उचलून चालत्या झालात! लाँड्रीत अकरा वर्षं काढलेल्या बाईला ठाऊक असायला हवं की धुवायला टाकण्याआधी एप्रनचे खिसे रिकामे करायचे. भिंतीवर तशी पाटी आहे. दवाखान्याच्या चादरींबरोबर तुमचा एप्रन उकळत्या पाण्यात गेला, त्यात कॅसेट होती, ती बाहेर आली तेव्हा तिचा आकार वाळलेल्या पावासारखा झाला होता आणि आतली फीत सदतीस चादरींना गुंडाळली गेली होती. ती सोडवायला मला दुपार लागली, तुम्हाला नाही. तुम्ही नुसत्या बघत उभ्या होतात. एक शब्द बोलला असतात, चार शिव्या दिल्या असत्यात, तर मी पण दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. गप्प माणसाशी भांडायचं कसं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

बरं, गाणं तरी कुठलं? एखादं भजन असतं तर मी समजू शकले असते. आपलं वय काय, आणि ते डिस्कोचं गाणं काय! कुठल्या भाषेत आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणणारा कोण ते तुम्हाला माहीत नाही, आणि अकरा वर्षं लाँड्रीत रोज सकाळपासून सुट्टी होईपर्यंत, आणि घरी आल्यावर पुन्हा, तेच एक गाणं टेपवर उलटसुलट. (दोन्ही बाजूंना तेच भरलेलं. दुसऱ्या बाजूला दुसरं काही असेल अशी आशा मला पहिलं वर्षभर होती.) मी एकदा विचारलं होतं, जाऊबाई, त्यात एवढं आहे तरी काय? तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "ठेका आहे." अकरा वर्षांत तुम्ही दिलेलं हे सगळ्यात लांब उत्तर.

तर तुम्ही गेलात. मी म्हटलं, बरं झालं, आता शांतपणे काम करता येईल. चादर गरम रोलरमधून बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, मधे दुमडायची, चालत जवळ यायचं, टोकाला टोक जोडायचं, मागे जायचं, की झाली घडी. ह्यात अवघड काय आहे? एवढी वर्षं घडी मी घालत होते आणि तुम्ही नुसतं समोरचं टोक धरून उभ्या राहत होतात, अशीच माझी समजूत होती. (अजूनही बरीचशी आहे.) टोक काय, कोणीही धरेल.

मुकादमानं पहिल्यांदा मला ती रिसेप्शनवरची बोलकी दिली. ती चालत जवळ यायची आणि जवळ आली की मागे जायचीच नाही, तिथेच उभी राहून सुनेचं सांगायची. चादर आमच्या दोघींच्या मधे, आणि माझ्या नाकासमोर तिची सून. दुसरी डावखुरी मिळाली. मी उजवीकडून दुमडायची, ती डावीकडून, त्यामुळे चादरीची घडी न होता पिळलेला दोर व्हायचा. तिसरी उंचाडी. तिनं टोकं तिच्या छातीशी धरली की माझे हात डोक्याच्या वर, दिवसभर मी शरण आल्यासारखी. चौथ्या दिवशी माझी कंबर गेली ती अजून परत आलेली नाही.

पण खरी गंमत वेगळीच झाली. मी थांबायला लागले. म्हणजे असं की काम चाललंय, चादर हातात आहे, जोडीदारीण चालत येते आहे, आणि मी हात वर करून खांबासारखी उभी. दर चौथ्या चादरीला. मला स्वतःला कळेना. उंचाडी घाबरली, तिला वाटलं मला झटका आला. नवीन मुकादम (तोच तो, गळ्यात घड्याळ अडकवून फिरतो, आपण घडी घालतो आणि तो सेकंद मोजतो) पळत आला. "बाई, काय झालं?" काय झालं ते मला माहीत असतं तर मी त्याला सांगितलं असतं का? मी म्हटलं, काही नाही, उभी आहे. तो म्हणाला, "का?" आता ह्याला काय उत्तर आहे? माणूस उभं राहू शकत नाही का?

शेवटी ह्यांनी जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रबरी हातोडीनं गुडघे ठोकले, डोळ्यांत बॅटरी मारली, सरळ रेषेत चालायला लावलं. मी चालले. म्हणाले, इथे तर थांबत नाही. मी म्हटलं, इथे चादर कुठे आहे? तर त्या भल्या माणसानं तपासायच्या टेबलावरची चादर काढून नर्सच्या हातात एक टोक दिलं आणि माझ्या हातात दुसरं. एक घडी, दोन, तीन, चार, आणि मी थांबले, हात वर. डॉक्टर लिहायचं सोडून बघत राहिले. मग म्हणाले, हे पुस्तकात नाही. नसांच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन झोप मात्र छान लागायची, आणि स्वप्नातसुद्धा मी दर चौथ्या चादरीला थांबायची.

निदान केलं ते आमच्या ह्यांनी. (हो, ह्यांनीच. लग्नाला तीस वर्षं झाली, आजवर ह्यांनी बल्ब सोडून कशाचं निदान केलेलं नाही.) चहा पिता पिता म्हणाले, "अगं, ते गाणं तिथेच थांबतं ना?" मी म्हटलं, कुठलं गाणं? तर ते म्हणाले, "वहिनीचं. भिंतीपलीकडून मी एवढी वर्षं ऐकलंय. दण् दण् दण् दण् चालतं, मग एकदम गप्प होतं, मग परत सुरू. तू सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालताना पण थांबतेस." कप माझ्या हातात तसाच राहिला. जाऊबाई, अकरा वर्षं मी त्या गाण्याला नावं ठेवत होते आणि माझे हातपाय मला न विचारता त्याच्या तालावर नोकरी करत होते! डॉक्टरचे पैसे मागायला मी परत जाणार होते, ह्यांनी अडवलं.

मग मी ठरवलं की गाणं आणायचं. मला ते आवडतं म्हणून नाही, हे नीट लक्षात घ्या. औषध म्हणून. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुन्या टेप-रेकॉर्डचं दुकान आहे, मालक जाड चष्म्याचा, दुकानात मांजराला वळायला जागा नाही. मी म्हटलं, एक गाणं हवं. म्हणाला, नाव? माहीत नाही. कोणी म्हटलं? तेही माहीत नाही. भाषा? परकी. तो म्हणाला, "बाई, जरा म्हणून दाखवा." आता माझा आवाज तुम्ही ऐकला आहे. मी दण् दण् करून दाखवलं. तो म्हणाला, अशी माझ्याकडे चारशे आहेत. मी चिडले. दारावरचा पडदा ओढून काढला, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, धरा, आणि मी येते तसे या. झटका, दुमड, चाल, जोड, मागे. पडदा लहान, तो पुन्हा उलगडायचा आणि पुन्हा घालायचा. तिसऱ्या घडीला त्याचा चेहरा बदलला. चौथ्या घडीनंतर मी थांबले, आणि जाऊबाई, तो पण थांबला! हात वर करून, मुद्दाम! मग "आई गं, ते दोघे!" असं ओरडून शिडीवर चढला आणि अगदी वरच्या खणातून कॅसेट काढली. म्हणाला, ह्या गाण्याचं नाव सांगून आजवर अनेकांनी नेलं, घडी घालून कोणी मागितलं नव्हतं. पडदा मात्र त्यानं परत लावून घेतला माझ्याकडून.

त्यानं दुकानातल्या टीव्हीवर त्या दोघांचं चित्र पण दाखवलं. तुम्ही कधी बघितलंय का त्यांना? नसणार. एक जण नुसता हाडांचा सांगाडा, चांदीच्या कागदासारखी विजार, केस पुसायच्या फडक्यासारखे, आणि सारखा उड्या मारतो. कधी ह्या टोकाला, कधी त्या टोकाला, गातोय, घामाघूम होतोय, सगळं जग आपणच चालवतोय असा आव. (ओळखीचा वाटला. कोणासारखा ते कळायला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर मी ह्यांना सांगितलं नाही.) आणि दुसरा? गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट, हातात बायकांची पर्स, आणि पूर्ण गाणंभर जागचा हलत नाही. गात नाही, वाजवत नाही, हसत नाही. मी दुकानदाराला म्हटलं, ह्याला कशाला पैसे देतात? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या आईला काही बोलले. म्हणाला, "बाई, त्यातला थांबा बघा."

मग थांबा आला. सगळं गप्प. उड्या मारणारा एका पायावर तसाच अडकला, त्याची नजर त्या खांबाकडे. (मी दुसऱ्याचं नाव खांब ठेवलं आहे.) वेळ जातो आहे, खांब हलत नाही. मला वाटलं, टीव्ही बंद पडला. आणि मग खांबानं फक्त मान वळवली, एवढीशी, आणि गाणं सुरू! दुकानदार म्हणाला, थांबा दर वेळी वेगळ्या मापाचा असतो, कधी लांब, कधी आखूड, कोणालाच मोजून येत नाही. खांबाची मान वळेपर्यंत उड्या मारणाऱ्याला पुढचा शब्द काढता येत नाही. मी ते चित्र पाच वेळा लावायला लावलं. सहाव्या वेळी दुकानदारानं दुकान बंद करायचं आहे असं सांगितलं, भर दुपारी.

खरं सांगायचं तर (आणि हे तुमच्या बहिणीला वाचून दाखवू नका) गाणं वाईट नाही. सकाळी उठल्यावर एकदा लावते. भांडी घासताना एकदा. हे म्हणतात, वहिनी परवडली, ती निदान सुट्टीच्या दिवशी दुपारी बंद करायची. शेजारची तक्रार करायला आली होती, तिला मी बसवून ऐकवलं. थांब्याला तिनं बोलायला तोंड उघडलं तर मी तिच्यावर अशी डाफरले की ती उठून गेली. शब्दांचा अर्थ कळत नाही, पण त्यात एक जागा आहे, दुसऱ्या कडव्यानंतर, जिथे तो सांगाडा रडल्यासारखा ओरडतो आणि ठेका मात्र ढिम्म, आपला चालूच. तिथे मला दर वेळी काहीतरी होतं. गोळ्यांमुळे असेल.

आता कामाचं. मुकादमानं मला बोलावून सांगितलं की "येत्या एक तारखेपर्यंत तुमची जोडी जमली नाही तर तुम्हाला मळक्या खोलीत टाकतो." मळकी खोली म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दवाखान्याचे गठ्ठे सोडायचे आणि नाकाला फडकं बांधून जे जे निघेल ते वेगळं करायचं. एकदा तिथे गेलेली बाई परत वर आलेली मी बघितलेली नाही. मी म्हटलं, जोडी जमत नाही कारण गाणं बंद झालं. तो म्हणाला, "गाण्यानं घड्या होतात का?" मी म्हटलं, तुम्ही धरा टोक, मी टेप लावते, आणि मग बोला. त्यानं धरलं! सगळ्या बायका काम टाकून बघायला गोळा.

पहिल्या तीन चादरी अशा गेल्या जाऊबाई, की तो स्वतःच खूश. घड्याळ बघतोय आणि हसतोय. चौथी चादर, आणि थांबा आला. मी थांबले. सगळ्या बायका थांबल्या. (त्यांना पण सवय! अकरा वर्षं त्याही ऐकत होत्या आणि एकीनंही मला सांगितलं नाही.) मुकादम मात्र थांबला नाही. तो चालतच आला, ताणलेल्या चादरीत तोंड घातलं, गोंधळून गोल फिरला, आणि मग गाणं सुरू झालं तरी निघायचं कधी ते मला कळलंच नाही. मी आपली हात वर करून उभी. पुढची चादर रोलरमधून आली ती जमिनीवर, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि मुकादम आत गुंडाळलेला, "बंद करा! बंद करा!" ओरडतोय. रोलर बंद करायचा का टेप, ते न कळून कोणी काहीच बंद केलं नाही. त्याला सोडवला तेव्हा गळ्यातलं घड्याळ नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत आलं. एका म्हाताऱ्या पेशंटच्या पाठीखाली चादरीच्या घडीतून निघालं, टिकटिक करत. पेशंटला वाटलं, आपलं काळीज बाहेर आलं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन नीट विचार केला. (मी विचार करते कधी कधी.) थांबा मला कळतो, सगळ्यांना कळतो. पण त्यातून निघायचं कधी, ते मला कळत नाही. टेप लावून पन्नासदा बघितलं. दर वेळी मी आधी तरी निघते, नाही तर उशिरा. मग तुम्ही असताना मी कशी निघायची? डोळे मिटून बसले तेव्हा आठवलं. चादर. तुमच्या टोकाकडून चादरीला एक बारीकसा ओढा यायचा, मासा गळाला लागल्यासारखा, आणि माझे पाय चालू. अकरा वर्षं रोज. मी म्हणत होते की मी काम करते आणि तुम्ही उभ्या असता. तर तुम्ही उभ्या असायच्यात ते खरंच आहे. बाकीचं माझं वाक्य जरा तपासून घ्यावं लागेल.

पण ह्याचा अर्थ मी तुम्हाला परत या म्हणते आहे असा काढू नका. तुम्ही सुखात असाल तर राहा. मळक्या खोलीतही माणसंच काम करतात. मी फक्त खुशाली कळवायला पत्र लिहिलं. हे तुम्हाला नमस्कार सांगतात. तुमच्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घालते, रोज नाही, पण घालते. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला, जास्तच लिहिलं आहे.

तुमची,
धाकटी

ता.क. कॅसेट सोबत देते आहे. नवीच आहे म्हणा, जुन्या दुकानातली. ह्यात दुसऱ्या बाजूला वेगळं गाणं आहे, ते ऐकू नका, भिकार आहे.

ता.क. दुसरा. मुकादमाला मी सांगितलं आहे की एक तारखेला जाऊबाई येत आहेत, त्यांचं पत्र आलं. पत्र दाखवा म्हणाला. मी म्हटलं, घरगुती आहे.

ता.क. तिसरा, आणि हा ह्यांनी वाचलेला नाही. त्या दिवशी एप्रन कढईत टाकायच्या आधी खिशातलं कडक काहीतरी माझ्या हाताला लागलं होतं. मला ठाऊक होतं काय आहे ते. मी म्हटलं, जाऊ दे एकदाचं. मग तुम्ही नुसत्या बघत उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलंय. कळलं होतं ना? कळलं होतं म्हणूनच गेलात. पाटीचं जे वर लिहिलं आहे ते खोडणार होते, पण कागद फाटला असता.

ता.क. चौथा, हा पेन्सिलीनं, कारण पेन बसमध्ये पडलं. पोस्टावर माझा भरवसा नाही आणि उद्या एक तारीख, म्हणून पत्र घेऊन मीच आले आहे. तुमच्या बहिणीच्या पायरीवर बसून लिहिते. आता कडी वाजवून हे तिच्या हातात देईन. ती आत ये म्हणेल, मी येणार नाही, आधी तुम्ही वाचा. तुम्ही सावकाश वाचता ते ठाऊक आहे, पण इथे ऊन आलं आहे, तेव्हा तुळशीचं वगैरे गाळलंत तरी चालेल. परतीची बस पाचला आहे. तिकिटं दोन काढली आहेत, खिडकीची तुम्हाला. विचारून काढायला हवी होती, पण विचारलं असतं तर तुम्ही गप्प बसला असतात आणि मी ते नाही असं धरलं असतं. ह्या वेळी हो असं धरून आले आहे. चूक असेल तर बाहेर येऊन तोंडानं सांगा.